प्रकल्प नोंदी: डॉर्ड्रेख्तची गुरं आणि संध्याकाळचं ऊन

13 एप्रिल 2024, रॉटरडॅम

आजपासून फळीचं काम सुरू. ठरलंय ते असं: ओकच्या फळीवर तैलरंगांत गुरांचं एक चित्र करायचं, 60 बाय 45 सेंटिमीटर, सतराव्या शतकातल्या डच रीतीनं थरावर थर चढवत. कुठल्या चित्राची नक्कल करायची नाही. कुरण माझ्या पाहण्यातलं, गायी आजच्या. रीत तेवढी आल्बेर्ट काउपची.

काउपच का, ते लिहून ठेवते. हॉलंडच्या निसर्गचित्रकारांत ढग बघावेत याकोब फान राउसदालचे, दमट करडी हवा बघावी यान फान खोयेनची आणि जनावराचं कातडं बघावं पॉलस पॉटरचं. काउपकडे यातलं सगळंच थोडं थोडं आहे. पण त्याच्या गायींच्या पाठीवर जे ऊन उतरतं ते बाकी कुणाच्या गायीवर मला दिसलेलं नाही. पुस्तकं त्या जागी ‘सोनेरी प्रकाश’ एवढे दोन शब्द टाकून पुढं सरकतात. तो उजेड कुठल्या रंगानं येतो, कुठल्या थरातून येतो, कशाच्या शेजारी काय ठेवल्यानं येतो, हे मला हातानं समजून घ्यायचंय.

माणूस एका गावाचा. 1620 मध्ये रॉटरडॅमजवळच्या डॉर्ड्रेख्तला जन्म आणि 1691 मध्ये मृत्यूही तिथंच. वडील याकोब खेरित्स काउप व्यक्तिचित्रांसाठी नावाजलेले. मुलगा त्यांच्याच हाताखाली तयार झाला. सुरुवातीच्या काही चित्रांत माणसं वडिलांनी आणि मागचा निसर्ग मुलानं रंगवलाय. 1658 मध्ये कोर्नेलिया बोसमन या सधन विधवेशी त्याचं लग्न झालं, पुढं चर्चच्या कारभारात मानाची पदं आली आणि चित्रं कमी होत गेली. बहुतेक चित्रांवर साल नाही, त्यामुळे अभ्यासकांनी लावलेल्या तारखा ‘सुमारे’ अशाच असतात. पण ज्या उजेडासाठी तो ओळखला जातो तो मुख्यतः 1640 च्या दशकाच्या मध्यापासून 1660 पर्यंतच्या कामातला.

21 एप्रिल

फळीला सरसाचा पातळ हात दिला, वाळू दिला, मग खडूची पूड सरसात कालवून थर चढवले. दोन थरांमध्ये पॉलिशपेपर. तिसऱ्या थरानंतर फळी हाताला अंड्याच्या कवचासारखी लागायला लागली, तिथं थांबले. खडू आणि पिवळी माती झान्से स्कान्सच्या ‘दे काट’ पवनचक्कीतून आणलीये. तिथं आजही वाऱ्याच्या जोरावर मोठी दगडी चाकं फिरतात आणि त्यांच्याखाली रंगद्रव्यं भरडली जातात. आत उभं राहिलं की पायाखालची लाकडी जमीन थरथरते आणि वाऱ्याचा जोर वाढला की चाकांचा वेग कानाला कळतो. रंगाची पूड विकत घेताना ती कशी दळली गेली हे समोर बघायला मिळणं, ही या देशात राहण्याची मला फार मोलाची वाटणारी गोष्ट आहे.

खडूच्या पांढऱ्यावर पिवळ्या मातीचा तेलातला पातळ हात फिरवला, त्यात अंबर, म्हणजे गडद तपकिरी मातीचा रंग, अगदी थोडं. हा थर सगळ्यात खाली राहणार आणि तरी शेवटपर्यंत काम करणार. फान खोयेनच्या फळ्यांवर हे उघड दिसतं: आकाश इतकं पातळ लावलेलं असतं की खालची ऊबदार छटा, कधी कधी लाकडाच्या रेषासुद्धा, करड्या ढगांतून वर येतात. हा माणूस 1656 मध्ये कर्जबाजारी होऊन गेला. ट्युलिपच्या कंदांच्या सट्ट्यातही हात पोळले होते. त्याच्या नावावर हजाराहून जास्त चित्रं आहेत. कमी रंगात, भराभर, ओल्यात ओलं असं काम करण्याला पोटाचंही कारण असणार. पण त्या काटकसरीतून हवा रंगवण्याची जी युक्ती निघाली, ती तरुण काउपनं उचलली. त्याची 1640 च्या सुमाराची चित्रं पाहिली तर पिवळसर-करडी, जवळजवळ एकरंगी, थेट फान खोयेनच्या वळणाची आहेत. ऊन अजून यायचं होतं.

4 मे, आल्ब्लासरवार्ड

वॉटरबसनं नदीपलीकडे गेले आणि तिथून सायकलनं कुरणावर. डॉर्ड्रेख्तच्या समोरच्या बाजूचा हा सगळा पोल्डर, म्हणजे बांध घालून, पाणी उपसून राखलेली जमीन, समुद्रसपाटीच्या खाली, मीटर-दोन मीटर. गुरं हिवाळाभर गोठ्यात असतात, ती आता बाहेर आलीयेत. ज्यांच्या कुरणात बसायची परवानगी मिळाली त्या शेतकरीणबाईंकडे तांबड्या-पांढऱ्या गायीही आहेत, म्हणून हीच जागा पक्की केली. आज हॉलंड म्हटलं की काळ्या-पांढऱ्या गायी आठवतात, पण त्या नंतरच्या शतकांत वरचढ झाल्या. काउपच्या कळपात तांबड्या, पिंगट, काळ्या, बांड्या अशा सरमिसळ दिसतात. चित्रकाराला तांबडी गाय हवीच. मावळतीच्या उन्हात ती आतून पेटल्यासारखी दिसते, काळी नुसती काळी राहते.

आजचा सगळा वेळ एका गोष्टीत गेला आणि तो सार्थकी लागला. बंधाऱ्यावर उभं राहून रेखाटलं तर गायी क्षितिजाच्या खाली जातात; हिरव्या पटावर ठेवलेल्या वस्तू होतात. बंधारा उतरून खाली आले, उभ्यानं रेखाटलं, तरी पाठी क्षितिजाला जेमतेम टेकतात. मग ओल्या गवतावर रबरी चटई टाकून सरळ मांडी घातली. डोळा जमिनीपासून पाऊण मीटरवर आला, क्षितिज खाली सरकलं आणि गायींच्या पाठी, माना, शिंगं सगळं आकाशात गेलं. काउपची गाय देवळाएवढी भारदस्त वाटते त्याचं कारण हेच. तो तिला मोठी काढत नाही, स्वतः खाली बसतो. आणि एकदा पाठ आकाशासमोर आली की उजेडाला टेकायला कड मिळते. बंधाऱ्यावरून ही कड मिळतच नाही, मग रंग कितीही भारी वापरा.

क्षितिज फळीच्या तळापासून पाव उंचीवर घेणार. उरलेलं तीन चतुर्थांश आकाश.

12 मे, हेग

माउरित्सहाउस संग्रहालय. पॉटरच्या ‘बैला’समोर उभं राहिलं की पहिली काही मिनिटं नुसता आकारच अंगावर येतो: जवळजवळ साडेतीन मीटर रुंद, अडीच मीटरच्या आसपास उंच. 1647 मध्ये पॉटर एकवीस-बावीस वर्षांचा होता. आधी एकटा बैलच काढायचा बेत होता. मग कॅनव्हासला बाजूंनी आणि वरून तुकडे जोडून गाय, मेंढ्या, गुराखी, झाड असा संसार वाढवला. बैलाच्या अंगावरच्या माश्या, गवतातला बेडूक, वर आकाशात चंडोल. 1795 मध्ये फ्रेंच सैन्यानं हे चित्र पॅरिसला नेलं, 1815 मध्ये ते परत आलं. अठ्ठाविसाव्या वर्षी गेलेल्या माणसाचं हे काम आहे, हे मनातून जात नाही.

पण आज मी उजेडासाठी गेले होते आणि त्या दृष्टीनं बैल मला थोडा परका वाटला. पॉटरला प्रत्येक केस दाखवायचाय, म्हणून ऊन समोरून पडतं, सगळं सांगून टाकतं. काउप सूर्याला समोर ठेवतो, जनावराच्या मागे. त्याच्या गायीची आपल्याकडची बाजू सावलीत असते आणि तपशील बराचसा गिळलेला असतो.

राउसदालचं हार्लेमचं चित्र त्याच संग्रहालयात. आकारानं लहान, 55.5 बाय 62, आणि त्यात अख्खं शहर, सिंत बाव्होचं चर्च, समोर धुऊन वाळत घातलेल्या तागाच्या कापडाच्या पांढऱ्या पट्ट्या. दोन तृतीयांश आकाश. इथं उजेड चालता आहे: ढगाच्या फटीतून एक तुकडा मैदानावर पडतो, शेजारचा तुकडा सावलीत जातो, आणि दोन मिनिटांनी हे सगळं पुढं सरकलेलं असेल असं वाटत राहतं. हार्लेम समुद्राजवळचं, वाऱ्याचं. काउपचा उजेड थांबलेला असतो. वारा पडलाय, पाणी निपचित आहे, गायी रवंथ करतायत. माझ्या चित्रात हीच गोष्ट हवी, म्हणून ढग कमी आणि आडवे ठेवायचं ठरवलं.

26 मे

आकाश. डच रीतीत आधी आकाश, तेही मोठ्या आकारांची जागा मोकळी सोडून. गायींच्या जागा सोडल्या, शिंगांसाठी नाही. शिंगं आकाश वाळल्यावर वरून येतील.

रंगांबद्दल. त्या काळातला पांढरा म्हणजे शिशाचा पांढरा, जो मी वापरत नाही. विषारी आहे आणि घरात लहान मूल आहे. टायटॅनियम पांढरा फार झाकतो आणि थंड पडतो, म्हणून तो झिंक पांढऱ्यात मिसळून, त्यात पिवळ्या मातीचा कण घालून घेतला. निळ्यासाठी त्या वेळी स्माल्ट वापरत, म्हणजे कोबाल्ट घातलेली निळी काच कुटून केलेली पूड. स्वस्त, पण तेलात काळानुसार तिचा निळेपणा जातो आणि करडेपणा येतो. अफगाणिस्तानातल्या लाजवर्दाचा अल्ट्रामरिन टिकायचा, पण परवडायचा कुणाला? आज हॉलंडची जी करडी आकाशं आपण वाखाणतो त्यांतली काही मुळात जास्त निळी असणार. झाडांचंही तसंच. वनस्पतींपासून केलेला पिवळा उडून गेला की हिरवी पानं निळसर उरतात. जुन्या चित्राकडे बघताना हे हिशेबात धरावं लागतं. वर पुन्हा राळेचं वार्निश, तेही वर्षांनुवर्षं पिवळं पडत जाणारं. अठराव्या शतकातल्या इंग्रज संग्राहकांना काउपमध्ये जे सोनं दिसलं त्यातलं थोडं वार्निशचंही असेल. पण साफ केलेली चित्रं बघितली की खात्री पटते: वरचं आकाश निळं-थंड होतं, क्षितिजाजवळची ऊब मात्र जागची हलत नाही, कारण ती रंगातच आहे.

आज क्षितिजाकडून वर असं काम केलं. सर्वांत खाली पांढरा आणि पिवळी माती, त्यात गुलाबीकडे झुकणारा अगदी हलका हिंगूळ-छटेचा हात. वर जाताना एकेक मात्रा राखाडी, मग निळा. मऊ रुंद ब्रशनं जोड पुसून काढले. सूर्य दाखवला नाही. तो डावीकडे चौकटीच्या बाहेर, थोडा वर. आकाशाची डावी बाजू उजवीपेक्षा उजळ, हे एवढंच त्याचं ठिकाण सांगतं.

9 जून, ॲम्स्टरडॅम

राइक्सम्युझियममध्ये काउपचा मोठा ‘नदीकाठचे घोडेस्वार’. सव्वादोन मीटरच्यावर रुंद. डोंगर आहेत! हॉलंडच्या सपाटीवर डोंगर कुठून आले म्हणाल तर काउप 1650 च्या दशकाच्या सुरुवातीला ऱ्हाइन आणि वालच्या काठानं नायमेगन, क्लेव्ह या बाजूला रेखाटनं करत हिंडला होता. तो भाग उंचसखल आहे. घरी आल्यावर त्या टेकड्या चित्रांत आणखी उंच झाल्या.

आणि ऊन इटलीचं. काउप स्वतः इटलीला कधी गेला नाही. उत्रेख्तचा चित्रकार यान बोट मात्र रोममध्ये राहून आला होता, जिथं फ्रेंच चित्रकार क्लोद लोरँ मावळत्या सूर्याला चित्राच्या मध्यभागी आणून बसवत होता. बोट 1640 च्या दशकाच्या सुरुवातीला परतला, उत्रेख्त डॉर्ड्रेख्तपासून दूर नाही, आणि त्यानंतर काउपच्या चित्रांतलं ऊन बदललं. तिरपं झालं, मागून यायला लागलं, गवताच्या पात्याच्या टोकांवर थांबायला लागलं. यावरून काही जण त्याला उसन्या उजेडाचा चित्रकार म्हणतात. मला ते पटत नाही. रीत बोटकडून आली हे खरं, पण बोटच्या चित्रांत त्या उन्हात इटालियन वाटेवरून खेचरं हाकणारे लोक आहेत. काउपनं ते ऊन आपल्या गावच्या दुभत्या गायीवर पाडलं, जिची किंमत गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होती.

ती किंमत समजून घेतल्याशिवाय ही चित्रं पूर्ण कळत नाहीत. शेजारच्या उत्तर हॉलंडमध्ये बेमस्टर हे सरोवर 1612 मध्ये पवनचक्क्यांनी उपसून कोरडं केलं, तेही मुख्यतः व्यापाऱ्यांनी भांडवल घालून. पाण्याखालून जमीन काढायची, तिच्यावर गवत वाढवायचं, गवताचं दूध, दुधाचं लोणी आणि चीज, आणि ते जहाजात भरून परदेशी. त्याआधीपासून राजकीय चित्रांत गाय म्हणजे खुद्द नेदरलँड्स: स्पेनचा राजा फिलिप तिच्यावर स्वार झालाय, इंग्लंडची राणी एलिझाबेथ तिला चारा घालतीये, अशी एक उपरोधिक चित्राची कल्पना सोळाव्या शतकाच्या शेवटी प्रसिद्ध होती. 1648 च्या म्युन्स्टरच्या तहानं ऐंशी वर्षांचं युद्ध संपलं. काउपच्या रवंथ करणाऱ्या गायी याच दोन-चार वर्षांच्या आसपासच्या. ज्या घरात असं चित्र लागायचं त्या घरच्या माणसाला त्यात शांतता दिसत असणार आणि आपली मिळकतही.

22 जून, संध्याकाळ, नदीकाठ

या अक्षांशावर आत्ता सूर्य दहाच्या सुमाराला मावळतो. साडेसातपासून बसले. समोर डॉर्ड्रेख्तचं ग्रोट केर्क, म्हणजे मोठं चर्च, त्याचा अर्धवट राहिलेला चौकोनी मनोरा. काउपच्या कितीतरी चित्रांत तो क्षितिजावर आहे. तेव्हाही असाच, बिनशिखराचा.

वेळ लिहून ठेवत रंगाच्या लहान पट्ट्या केल्या. साडेआठला गवत अजून हिरवं. नऊला गायींच्या पाठीवर कड उमटली, अंग मात्र अजून तांबडं दिसतंय. सव्वानऊ ते पावणेदहा हा काउपचा वेळ. अंगाचा तांबडा तपकिरीत गेला, पोटाखाली गवतावरून परत आलेला हिरवट उजेड, आणि पाठीवर, कानांच्या केसांवर, शेपटीच्या गोंड्यावर पिवळी पांढरी रेघ. सावल्या माझ्या पायांपर्यंत येऊन पोचल्या. ही अर्ध्या-पाऊण तासाची मुदत माझ्या दृष्टीनं फार मोठी आहे. कोल्हापूरला रंकाळ्यावर जलरंगात शिकले तेव्हा सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरायचा. कागद भिजवेपर्यंत ऊन गेलेलं असायचं. इथं तो तिरका घसरत जातो, त्यामुळे ते ऊन रेंगाळतं. रोमपेक्षाही इथं जास्त रेंगाळतं. काउपला इटलीला जायची गरज पडली नाही ती यामुळेही, असं मला आज काठावर बसून वाटलं.

दुसरी गोष्ट, धूळ. आपल्याकडे गुरं परतताना धुळीतून ऊन दिसतं. इथं जमीन ओली, धूळ नाही. नऊनंतर चरांमधून, नदीवरून बाष्प उठतं आणि दूरचं सगळं एकेक पायरी फिकं होत जातं. पन्नास मीटरवरच्या गायीत आणि दोनशे मीटरवरच्या गायीत हवेचा पडदा स्पष्ट दिसतो. म्हणून दूरच्या गायीला गडद रंग लावायचाच नाही.

जर्मन कलावंत योसेफ बॉइस यांचं म्हणणं असं होतं की झाउडर झे या समुद्राच्या आखाताचा बराच भाग उपसून जमीन केली, तेव्हापासून हॉलंडचा तो प्रसिद्ध उजेड विझला. पाण्याचा आरसाच गेला.  डॉर्ड्रेख्तला तीन नद्या आजही एकत्र येतात आणि आज संध्याकाळी मी जे बघितलं त्यावरून तरी इथला उजेड शाबूत आहे.

14 जुलै

गायींचा पहिला थर. अंबर, हाडांचा काळा, थोडा भाजलेला सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी माती. उजेड कुठंच नाही. जुने लोक याला मेलेला रंगच म्हणत. तीन गायी: एक बसलेली, एक बाजूनं उभी, एक आपल्याकडे पाठ करून. सरांना कोल्हापूरला फोटो पाठवला. लगेच फोन. “अगं, गायी एवढ्या काळ्या? ऊन कुठाय?” म्हटलं, “सर, उन्हाची जागा करतीये.” थोडं थांबून म्हणाले, “मग आकाशाला आता हात लावू नकोस. हिला अजून खाली ने.” बरोबर होतं. बसलेल्या गायीची छाती आणखी एक मात्रा गडद केली आणि तिच्यामागचं आकाश न शिवता उजळ झालं. सर आयुष्यभर पारदर्शक जलरंगात काम करतायत, जिथं पांढरा रंग नसतोच, कागद राखून ठेवावा लागतो. उजेड लावता येत नाही, त्याला वाट करून द्यावी लागते, हे त्यांच्याकडून शिकलेलं इथं तेलात उपयोगी पडलं.

18 ऑगस्ट

उजेडाचा दिवस. शिसं-कथील पिवळा हा त्या काळातला मुख्य पिवळा: शिशाची आणि कथलाची भस्मं एकत्र तापवून केलेला, लिंबाकडे झुकणारा, दाट. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर तो वापरातून गेला, नावही विसरलं गेलं. 1941 मध्ये जर्मनीत रिशार्ड याकोबी यांनी जुन्या चित्रांच्या तपासणीत तो पुन्हा ओळखला. यासाठी मात्र मी बदली रंग घेतला नाही. तयार ट्यूब आणली, हातमोजे घातले, पॅलेट वेगळी ठेवली, मुलाला त्या खोलीत मज्जाव.

रंग घट्ट ठेवला, तेल अजिबात वाढवलं नाही. बारीक टोकदार ब्रशवर थोडासा उचलायचा आणि पाठीच्या कण्यावर, खांद्याच्या हाडापासून माकडहाडापर्यंत, ओढायचा नाही, ठेवत जायचं. ओढला की रेघ तारेसारखी कडक होते. ठेवला की मध्ये मध्ये तुटतो, त्या तुटलेल्या जागी खालचा तपकिरी दिसतो आणि केसाळ कातडं आपोआप येतं. हाडाच्या उंचवट्यावर दोन थेंब जाड. कानाच्या आतल्या बाजूला पिवळ्यात हिंगूळ, कारण ऊन कानातून आरपार येतं. पातळ कातडीतलं रक्त दिसतं. नाकपुडीच्या ओल्या कडेवर एकच थंड पांढरा ठिपका. पुढच्या गवताच्या टोकांना तोच पिवळा, पण पातळ.

एवढ्या मोठ्या फळीवर शुद्ध पिवळा पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेतही मावेल. बाकी सगळा उजेड त्याच्या आजूबाजूच्या तपकिरीनं आणि मागच्या ऊबदार आकाशानं धरलेला आहे. आज दुपारी चारच्या सुमाराला हे समोर घडताना दिसलं तेव्हा ब्रश खाली ठेवून बराच वेळ नुसती बघत बसले.

15 सप्टेंबर

माणूस हवा. काउपच्या डॉर्ड्रेख्तच्या मोठ्या चित्रात, जे लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, चार गायी आणि दूध काढणारी बाई आहे. त्या काळी उन्हाळ्यात गायी गोठ्यात आणत नसत. बायका चरव्या घेऊन कुरणात जायच्या, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. म्हणजे तिरप्या उन्हाच्या या दोन्ही वेळा धारेच्या वेळा होत्या. माझ्या मते काउपच्या गुरांच्या चित्रांतली ही सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. आपण ते ऊन काव्य म्हणून बघतो. गावातल्या माणसाला मात्र ते बघून वेळ कळत असेल, धार काढायची वेळ. काम आणि उजेड एकाच तासातले आहेत, म्हणूनच त्या चित्रांत माणूस ठेवलेला वाटत नाही, तो तिथं असणारच असतो.

शेतकरीणबाईंना विचारलं, तुमच्याकडे कुरणात धार कधीपर्यंत काढायचे? त्यांच्या आजी काढायच्या. आता गोठ्यात रोबो आहे; गाय हवं तेव्हा चालत जाते, यंत्र कास धुतं, धार काढतं, ती परत येते. असा पहिला रोबो 1992 मध्ये याच देशात गोठ्यात बसला. त्यामुळे संध्याकाळी कुरणात आज धार काढणारं माणूस नसतं. मी खूप विचार केला आणि दूध काढणारी बाई घातलीच नाही. उजव्या कडेला फाटकाशी शेतकरीणबाई स्वतः उभ्या आहेत, रबरी बूट, हात फळीवर, गायी मोजताना. त्या रोज खरंच तशा येतात. पाठीला आणि केसांना तोच पिवळा, गायीपेक्षा एक मात्रा कमी.

क्षितिजावर पवनचक्की घ्यावी का, हाही प्रश्न होता. किंडरडाइकच्या जगप्रसिद्ध चक्क्या इथून जवळ, पण त्या 1740 च्या आसपासच्या, काउपनंतर अर्ध्या शतकानं. माझं चित्र आजचं आहे, तेव्हा सालाची अडचण नाही. पण त्यांनी डोळा उजवीकडे ओढला जातो. नाही घेतली. मनोरा पुरे.

6 ऑक्टोबर

आज शेवटचे पारदर्शक हात: पुढच्या सावलीवर अंबरचा पातळ, पाण्याच्या चरावर आकाशाचाच रंग एक मात्रा गडद. बसलेल्या गायीच्या पायाजवळची रानकेळीसारखी रुंद पानं पुसून बारीक केली, ती लक्ष खात होती.

डॉर्ड्रेख्तच्या संग्रहालयात काउपची थोडीच चित्रं आहेत, याची खंत इथल्या लोकांकडून ऐकते आणि मलाही ती वाटते. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत गावाबाहेर त्याला फारसं कुणी विचारत नव्हतं. मग ब्रिटिश उमराव लॉर्ड ब्यूटनं त्याचं एक प्रचंड नदीचित्र इंग्लंडला नेलं, तिथल्या उमरावांमध्ये मागणी उसळली आणि बघता बघता बहुतेक चांगली चित्रं समुद्रापार गेली. मागणी भागवायला डॉर्ड्रेख्तचाच याकोब फान स्ट्राय काउपच्या धर्तीवर चित्रं करत होता, आणि त्यांतली काही काउपची म्हणून खपली. इंग्रज चित्रकार टर्नरनं 1818 मध्ये डॉर्ड्रेख्तच्या नदीवर वाऱ्याअभावी थांबलेली बोट रंगवली ती काउपला मनात ठेवून. लंडन, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क, बुडापेस्टला गेलं की डॉर्ड्रेख्तच्या गायी भेटतात. बुडापेस्टच्या चित्रातल्या गायी नदीच्या उथळ पाण्यात उभ्या आहेत आणि सगळं चित्र त्यांच्या सावळ्या आकृतींवर तोललेलं आहे. पुढच्या वर्षी ते प्रत्यक्ष बघायचं ठरवलंय, कारण पाण्यातल्या प्रतिबिंबात तो पिवळी कड किती कमी करतो हे छापील प्रतींवरून कळत नाही, आणि पुढची फळी पाण्यातल्या गायींचीच असणार आहे.

ही फळी सहा महिने भिंतीला तोंड न करता, उजेडात वाळू द्यायची. तेल अंधारात पिवळं पडतं. वार्निश एप्रिलमध्ये. चौकट काळ्या रंगाची, साधी, सोनेरी नको. फाटकाशी उभ्या असलेल्या बाईंना चित्र दाखवायला गुरुवारी जातीये.